दांड्याशिवाय पातं नाही

आमच्या घरात बाया घण घालायच्या. शहरात हे सांगितलं की लोकांना खोटं वाटतं. पण लोहाराला एकट्याला मोठं पातं घडवता येत नाही. त्याच्या एका हातात सांडशी, दुसऱ्या हातात हातोडा. मग भाता कोण ओढणार आणि घण कोण मारणार? आमच्यात भाता सुनेनं ओढायचा आणि घण सासूनं मारायचा. मी लग्न होऊन बोरीजवळच्या त्या गावात आले तेव्हा सासरा वारलेला होता. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. उंच बाई, हाताला घट्टे, बोलणं कमी. तिचा घण नेमका पडायचा. नवरा हातोड्यानं जागा दाखवायचा आणि आत्याबाई तिथंच मारायची. माझ्या नवऱ्याइतकीच ती लोहार होती.

मी चौथीपर्यंत शिकलेली. माझा बाप शाळेच्या भिंतीला लागून भाता टाकून बसायचा, मास्तरांच्या घरचे विळे-अडकित्ते करून द्यायचा, म्हणून त्यांनी मला वर्गात बसू दिलं. पुढे कुणी शिकवलं नाही आणि मीही मागितलं नाही. ही हकीकत लिहायला चौथी पुरते.

आमच्या घराच्या कुऱ्हाडीला नाव होतं. पात्याला पाणी द्यायची पद्धत सासऱ्याची होती आणि ती आत्याबाईनं पोराला शिकवली होती. नेढ्याजवळ, म्हणजे दांडा बसतो त्या भोकाजवळ, दोन तिरप्या रेघा छिनीनं मारायचो. चारठाण्याकडची माणसंसुद्धा त्या रेघा बघून कुऱ्हाड घ्यायची.

इंग्रज गेले आणि आमच्यावर निजामच राहिला, त्या हिवाळ्यात गिऱ्हाईक बदललं. फाळ, खुरपी, वखराची पास मागणारी माणसं नेहमीचीच येत होती. पण त्यांच्या जोडीला परकी माणसं यायला लागली. कुणी बरचीची, म्हणजे भाल्याची, पाती मागायचं, कुणी पोतंभर कुऱ्हाडी. काहीजण निजामाच्या बाजूचे, खाकी डगले घालून फिरणारे. आम्ही त्यांना खाकीवालेच म्हणायचो. काहीजण निजामाविरुद्ध लढायला वऱ्हाडच्या हद्दीवर तळ देऊन बसलेल्या पोरांसाठी न्यायचे, ते जंगलतोडीचं काम आहे म्हणून सांगायचे. नवरा दोघांनाही द्यायचा. दोघांची पाती एकाच डोणीतल्या पाण्यात बुडायची. मी भाता ओढायची आणि विचार करायची नाही. बाहेरचं गिऱ्हाईक रोकडा देत होतं, गावकी तर सुगीला बलुत्याचं धान्य देणार.

मग एक दिवस धनगराची बायको आली. तिचा नवरा मेंढरं घेऊन पेडगावच्या बाजूला गेला होता. वाटेत कुणीतरी त्याला मारलं आणि मेंढरं हाकून नेली. कुणी मारलं ते नक्की कधीच कळलं नाही. तेव्हा दोन्हीकडच्या तळांवर मटण लागत होतं. बाई आमच्या दारात उभी राहिली. कमरेला खोचलेलं फडकं सोडलं आणि त्यातून बरचीचं पातं काढून उंबऱ्यावर ठेवलं. दोन तिरप्या रेघा होत्या.

"तुमचं हाय," ती म्हणाली. "आमच्या माणसात राहिलं व्हतं. घ्या वापस."

ती रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. पाणी विचारलं तर नको म्हणाली आणि आली तशी गेली. नवरा खाली बघत बसला. आत्याबाईनं ते पातं उचललं, पुसलं, भट्टीत टाकलं आणि त्याची दोन खुरपी केली. ती खुरपी तिनं कुणाला विकली नाही, त्याच धनगरणीच्या घरी पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी खाकीवाल्यांचा माणूस बरच्या न्यायला आला. आत्याबाईनं घण भिंतीला टेकवला आणि त्याच्याजवळ बसली.

"माज्या पोराला म्हणा, एकट्यानंच घडव," ती म्हणाली.

तो माणूस हसला. "बाई, तू काय घण मारायलीस का भीक मागायलीस?"

"मी बसायलेय. दिसंना का?"

मी भात्याची दोरी सोडून दिली. आत्याबाईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पण मला वाटलं तिनं बघितलं. त्या दिवशी मला सासू आवडली. लग्नानंतर पहिल्यांदा.

आता मनियारणीबद्दल सांगते. तिला सगळे चाची म्हणायचे. दोन कोसांवरच्या गावात राहायची, नवरा बिछायतीवर बसून लाखेचं काम करायचा आणि ही बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून गावोगाव फिरायची. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही, तिथं अजून माणसं राहतात. चाचीनं आत्याबाईच्या लग्नात बांगड्या भरल्या होत्या आणि माझ्याही. हात दाबून, बोटं एकमेकांत बसवून, अशा बेतानं बांगडी चढवायची की बाईला कळायचंच नाही. तोवर तोंड चालू.

धनगराचं तिला कळलं होतं. ती आत्याबाईला म्हणाली, "तू हात खाली ठेवलास, अच्छा किया. पर एका घराचा हात ठेवून काय व्हतं? बाजूच्या गावात घण चालूच हाय."

"मग त्या बायांना कोण सांगंल?" आत्याबाई म्हणाली.

"मैं सांगते की. बांगडी भरताना बाई उठून जाते कुठं? हात माझ्याकडंच ऱ्हातो."

असं ते सुरू झालं. कुणी पुढारी आला नव्हता. चाची लोहारांच्या घराघरात गेली. ज्या बायका भाता ओढत होत्या, घण मारत होत्या, त्यांचा हात हातात धरून तिनं सांगितलं की जिथं मारामाऱ्या चालल्यात तिथं आपलं लोखंड जाऊ द्यायचं नाही, घेणारा कुणीही असो. खाकीवाला असो नाहीतर हद्दीवरचा. हे "कुणीही असो" मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, आत्याबाईच्या तोंडून आणि चाचीच्या तोंडून, कितीदातरी. कुणाला पटलं, कुणी हाकलून दिलं. पण शिमग्यापर्यंत आसपासच्या बऱ्याच भात्यांवर बरच्या बंद झाल्या होत्या.

मग गावातली शहाणी माणसंही सामील झाली. मारुतीच्या पारावर बैठक बसली. पाटील होते, मास्तर होते, कुणबी होते, दोन घरं मुसलमानांची होती तेही आले. बायका देवळाच्या मागच्या बाजूला उभ्या. ठरलं असं की लढाईचं हत्यार गावातून बाहेर जाणार नाही. लोहारांचं रोकड गिऱ्हाईक बुडेल म्हणून खळ्यावर बलुतं वाढवून द्यायचं. पण अडचण आली कुऱ्हाडीची. बरची घडवू नका म्हणणं सोपं. कुऱ्हाड मात्र प्रत्येक घरात लागते. लाकूड फोडायला, कुंपणाला काटी तोडायला. शेतकऱ्याची कुऱ्हाड कोणती आणि मारामारीची कोणती हे ओळखायचं कसं?

आत्याबाई मागून बोलली. बायकांनी बैठकीत बोलायची रीत नव्हती, म्हणून ती मारुतीकडे तोंड करून बोलली.

"शेतकरी दांडा घेऊन येतो. आपल्या बाभळीचा, आपल्या हाताच्या मापाचा. पोत्यानं नेणारा नुसती पाती नेतो. दांड्याशिवाय पातं द्यायचं न्हाई. दांडा आणंल त्याला इथंच बसवून द्यायचं, त्याच्या हातात."

सगळ्यांना ते पटलं. मास्तर म्हणाले, बाईनं लाखाची गोष्ट सांगितली. आणि खरंच होतं ते. आमच्याकडे कुऱ्हाडीचा दांडा ज्याचा त्यानं आणायचा ही जुनीच रीत. व्यापाऱ्याला दोनशे दांडे तासून आणणं जमणार नाही. तेव्हापासून आजूबाजूच्या सगळ्या भात्यांवर तोच नियम झाला. चाचीनंच तो पोचवला.

एकदा बोरीच्या बाजारात एका व्यापाऱ्याची गाडी भरली होती. वर मिरच्यांची पोती, खाली नुसती पाती. आम्हाला खबर लागली. आम्ही दहा-पंधरा बाया बैलांपुढं जाऊन बसलो. गाडीवान भला माणूस होता.

"उठा की माय, बैल शिंग मारंल."

"मारू दे," चाची म्हणाली. "त्याला बी बांगड्या भरते. शिंगाला बसतील अशा हायत माझ्याकडं."

बाजार हसायला लागला. हसणाऱ्या बाजारात व्यापाऱ्याला जोर करता येईना. त्यानं पाती उतरवली आणि त्यांना लोकांनी दांडे आणून जागेवरच बसवून घेतले. त्या दिवशी परत येताना आम्ही मोठमोठ्यानं बोलत आलो. आत्याबाईसुद्धा.

चाचीला याचा फार त्रास झाला. तिच्या गावात एक लोहार होता, तिच्याच धर्माचा. खाकीवाल्यांची बरीचशी हत्यारं तिथं व्हायची. चाचीनं त्याच्या बायकोला धरलं, बायकोनं भाता सोडला, लोहाराचं काम थांबलं. खाकीवाल्यांनी चाचीच्या माळा रस्त्यात आपटून फोडल्या, नवऱ्याला मारलं, गद्दार म्हणाले. ती आमच्याकडे आली तेव्हा खांदा रिकामा होता.

"आता बंद कर," आत्याबाई तिला म्हणाली. माझ्या देखत म्हणाली.

"क्यूं? तू बंद केलंस का?"

"न्हाई."

"मग मैं कैसे करूं."

आत्याबाईनं तिला जेवू घातलं आणि बांगड्यांचा नवीन माल घ्यायला आपल्या नाकातली नथ दिली. मी हे मुद्दाम लिहिते. आत्याबाईचं प्रेम खोटं नव्हतं. ते खोटं असतं तर सगळं समजायला सोपं झालं असतं.

उन्हाळ्यात माझा धाकटा दीर घरातून निघून गेला. हद्दीवरच्या तळावर गेला असं दुसऱ्या दिवशी कळलं. आत्याबाईनं दोन दिवस घणाला हात लावला नाही. मग लावला, आणि पहिल्यापेक्षा जोरानं.

पेरण्या झाल्या. आषाढात शेतकऱ्याला फाळ शेवटायचे, म्हणजे झिजलेलं टोक काढून घ्यायचे असतात, खुरपी लागतात, पास लागते. कुऱ्हाडीला कोण विचारतं? लाकूडफाटा सगळ्यांनी पावसाआधीच तोडून रचलेला असतो. पण आमच्याकडे कुऱ्हाडीच चालल्या होत्या. गावातलीच माणसं, ओळखीची, हातात दांडा. नियमात काही खोट नव्हती. मी भाता ओढत होते.

एक दांडा माझ्या लक्षात राहिला होता, कारण तो वाईट होता. त्याच्या मध्यावर मोठी गाठ होती आणि गाठीच्या एका बाजूला जाळलेला डाग. असा दांडा हाताला लागतो, शहाणा माणूस तो चुलीत घालतो. तो दांडा घेऊन आमच्या आळीतला एक कुणबी आला, आम्ही कुऱ्हाड बसवून दिली. काही दिवसांनी दुसराच माणूस तोच दांडा घेऊन आला. त्यालाही बसवून दिली. श्रावण लागता लागता पहिला कुणबी परत आला आणि त्याच्या हातात तोच गाठीचा, जळका दांडा. नेढ्यात बसतं ते टोक पाचर काढून काढून फाटलेलं.

मी भाता थांबवला.

"दादा, ह्या दांड्याची कुऱ्हाड कुठं गेली?"

"कोणती?"

"आधीची. आन् तिच्या आधीची."

तो हसला आणि माझ्या नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं सांडशीतलं लोखंड उगाच फिरवलं. आत्याबाई घण घेऊन उभी होती.

"भाता वढ," ती म्हणाली. "लोखंड थंड व्हायलंय."

तो माणूस कुऱ्हाड घेऊन गेल्यावर मी विचारलं. आत्याबाईनं लपवलं नाही. लपवायची गरज तिला वाटली नसावी. लोक दांडा आणायचे, कुऱ्हाड बसवून न्यायचे, घरी पाचर ठोकून पातं काढायचे आणि पाती कडब्याच्या गाडीतून हद्दीवर जायची. रिकामा दांडा पुढच्या माणसाकडे. गावात मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. पाटलांना, मास्तरांना, ज्या बाया माझ्याबरोबर बैलांपुढं बसल्या होत्या त्यांतल्या कितीजणींना.

"मला का सांगितलं न्हाई?"

"तुज्या पोटात ऱ्हात न्हाई. आन् चाचीशी तुजं लय गूळपीठ."

"तुमचं न्हाई का?"

त्यावर ती म्हणाली, "माजा पोरगा हाय तिकडं. त्यानं काय हातात खुरपं घेऊन बसावं का?"

"मग चाचीला सांगा. चालू हाय म्हणून सांगा."

"तिला सांगितलं तर तिच्या गावचा भाता चालू हुईल."

हे तिनं एवढ्या साध्या आवाजात सांगितलं की मला कळायला वेळ लागला. ज्या नियमानं तिकडचे भाते थंड झाले होते तो नियम आमचाच होता. चाचीनं मार खाऊन तो पाळला होता आणि पाळायला लावला होता. तिचं गाव रिकाम्या हातांनी बसलं होतं, आमच्या शब्दावर. आणि इकडं आम्ही पाती पाठवत होतो.

मी त्या दिवशी भात्यावरून उठले ते परत बसले नाही. नवऱ्यानं एकदा मारलं, दुसऱ्यांदा मारलं नाही. दिराच्या बायकोला, माझ्या जावेला, भात्यावर बसवलं. मला रानात खुरपायला पाठवलं. चाचीच्या गावाला जायचं म्हटलं तर घरचे आडवे झाले. पण चाची स्वतःच येणार होती. पोळ्याला ती आमच्याकडे यायचीच.

पोळा अमावस्येला असतो. अमावस्येला आमच्यात भट्टी पेटत नाही. ऐरण धुतात, हळदकुंकू लावतात, तिच्यावर काही ठोकत नाहीत. त्या दिवशी ऐरणीवर हात ठेवून लोहार बोलला तर ते खोटं नसतं असं मानतात. जमिनीचे वाद असले तरी लोक आमच्या ऐरणीवर हात ठेवून मिटवायचे. इतरांनाही हे माहीत होतं, चाचीला तर चांगलंच.

मी तिला वेशीवरच गाठलं. बैल सजवायची गडबड चालली होती, आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी सगळं सांगितलं. गाठीचा दांडा, कडब्याची गाडी, दीर, सगळं. तिच्या खांद्यावरच्या माळा वाजत होत्या, त्या वाजायच्या थांबल्या.

"नक्को बोलू असं," ती म्हणाली.

"मी डोळ्यानं बघितलंय चाची. तुमी तुमच्या लोहाराला सांगा. निदान गावातल्या माणसांना सांगा, सावध ऱ्हा म्हणावं."

"तेरी सास? ती माझ्यासंगं बैलापुढं बसली. तिनं मला नथ दिली."

"हो, दिली."

ती तरातरा आमच्या घरी गेली. मी मागोमाग. आत्याबाई ऐरणीला हळद लावत होती. चाचीनं विचारलं ते सरळ विचारलं.

"तुझी सून म्हणते, पाती चाललीत हद्दीवर. सच क्या?"

आत्याबाईनं हळदीचा हात पदराला पुसला. माझ्याकडे बघितलं नाही. धुतलेल्या ऐरणीवर तळवा ठेवला.

"माज्या घरातून एक पातं बाहेर गेलं न्हाई," ती म्हणाली. "ह्या ऐरणीची आन."

नवरा दारात बैलाच्या शिंगाला हिंगूळ लावत होता. त्याचा हात थांबला, मग परत चालू झाला.

चाचीनं श्वास सोडला. माझ्याकडे वळली. तिला राग आला नव्हता, उलट तिला माझी कीव आली होती.

"क्या गे," ती म्हणाली, "सासूशी भांडण हाय तर सासूशी भांड. मेरेकू बीच में कशाला घेतीस? सुना करतात असं. मी लय घरं फिरलेय."

"चाची, ती खोटं बोलायलीय."

"ऐरणीवर?"

चाची जोत्यावर बसली आणि आत्याबाईनं हात पुढं केला. चाचीनं तिला पोळ्याच्या हिरव्या बांगड्या भरल्या. नेहमीसारखी शेवटची एक जास्तीची, आशीर्वादाची, भरली. बांगड्या भरून झाल्या की बाईनं भरणारीच्या पाया पडायचं असतं. आत्याबाई पडली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पोलीस ॲक्शन झाली. हिंदुस्थानचं लष्कर आलं, निजाम शरण गेला, चार-पाच दिवसांत सगळं आटपलं. खाकीवाल्यांनी डगले विहिरीत टाकले आणि पळून गेले. ते पळाले ही चांगली गोष्ट झाली, त्यांनी लोकांचे फार हाल केले होते, त्याबद्दल मला कुणी शिकवायला नको. माझा दीर हद्दीवरून आला. गळ्यात झेंडूच्या माळा, कपाळाला गुलाल, पुढं हलगी. आत्याबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. मीही पाणी दिलं पायावर. तो जिवंत आला याचं मला बरंच वाटलं.

पण पाती परत आली नव्हती, ती हातात होती. ज्यांच्याविरुद्ध घडवली ते खाकीवाले पळून गेल्यावर ती मागं राहिलेल्या मुसलमानांकडे वळली. विणकर, खाटीक, शेतमजूर, मनियार. चाचीच्या गावावर माणसं गेली त्यात आमच्या गावचीही होती आणि त्यांच्या पुढं माझा दीर होता. तिथं भट्ट्या थंड होत्या, घरात हत्यार नव्हतं. चाचीनं नसू दिलं होतं. तिच्या नवऱ्याला विहिरीजवळ मारलं. लोहाराला त्याच्या भात्यावर मारलं. आणखी किती ते मी मोजायला गेले नाही. चाची आणि तिची पोरगी उभ्या ज्वारीतून पळाल्या.

दीर परत आला तेव्हा त्याच्याबरोबर एक शेळी होती.

"कुणाची?" मी विचारलं.

"आता आपली."

"आधी कुणाची?"

"वहिनी, बांधा तिला. दूध देती."

"चाचीचं काय झालं?"

"बाईमाणसाला कुणी हात लावला न्हाई," तो म्हणाला आणि आंघोळीला बसला.

आत्याबाई ओसरीवर होती. तिनं ते सगळं ऐकलं. उठली, शेळीला दावं लावलं, पुढं चारा टाकला. मग आत जाऊन झोपली, भर दिवसा. दोन दिवसांनी उठली आणि घण हातात घेतला. लोकांना फाळ पाहिजे होते. मी त्या शेळीचं दूध काढलं नाही, त्या दुधाचा चहा घेतला नाही. घरात कुणी जबरदस्ती केली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नवरा लोखंड आणायला परभणीला निघाला तेव्हा मी बरोबर गेले. दर्ग्याच्या बाजूला मनियारणी बसतात असं ऐकलं होतं. चाची तिथं सापडली. जमिनीवर फडकं, त्यावर थोड्या बांगड्या. ती वाळली होती. मी समोर बसले. तिनं सवयीनं माझा हात घेतला, बोटं दाबून माप बघितलं, आणि मग वर बघितलं. हात सोडून दिला.

"मी तुमाला सांगितलं व्हतं," मी म्हणाले.

"हां. सांगितलं होतंस."

ती बांगड्या सारख्या करायला लागली.

"गावचे लोक इथं हायत," ती म्हणाली. "जे वाचले ते. ते म्हणतात, चाचीनंच आमचे हात बांधले. माझी पोरगी बी तेच म्हणते. माझ्या हातचं खात न्हाई ती." मग तिनं विचारलं, "तुझी सास येईल का मुझसे मिलने?"

"न्हाई."

"तिला म्हण, ये. मारायला न्हाई बुलाती. विचारायचंय."

"ती येणार न्हाई चाची."

"मग तू बी नक्को येऊ. तुला बघितलं की ती दिसते."

मी उठले. नवरा रस्त्याच्या पलीकडे उभा होता. तो पुढं आला नाही.

घरी आल्यावर मी आत्याबाईला सांगितलं की चाची भेटली. तिनं विचारलं, "कशी हाय?" मी म्हणाले, "जिती हाय." तुम्हाला बोलावलंय, हेही सांगितलं. आत्याबाई म्हणाली, "माजा पोरगा व्हता तिकडं." बस, एवढंच. त्यानंतर वीसएक वर्षं आम्ही एका छपराखाली राहिलो. मी तिला जेवू घातलं, आजारपण काढलं, मेल्यावर आंघोळ घातली. तिला शेवटपर्यंत आपलं चुकलं असं वाटलं नाही की वाटूनही बोलता आलं नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

दिराला पुढं सरकारकडून मान मिळाला. गावानं शाळेत सत्कार ठेवला. तो चांगलं बोलायचा. हद्दीवरच्या थंडीचं सांगितलं, उपासाचं सांगितलं, मग आत्याबाईवर आला. म्हणाला, "माझ्या आईनं काय शक्कल लढवली ऐका. बाहेरून म्हणायचं, हत्यारबंदी. बायांची चळवळ. खाकीवाल्यांच्या लोहारांना गप्प बसवलं. आणि आतून आमची पाती दांड्यावर बसून हद्दीपर्यंत." शाळा हसली. टाळ्या पडल्या. मास्तर दुसरे होते, तरुण, ते लिहून घेत होते.

ऐरणीवर हात ठेवून जे नाही म्हटलं होतं ते आता खुर्चीवर बसून, हार घालून, हो म्हणून सांगितलं जात होतं. आणि शक्कल म्हणून. मी बायकांत बसले होते. उभी राहिले.

"ती शक्कल हाय हे चाचीला कुणी सांगितलं व्हतं?"

दीर म्हणाला, "वहिनी, बसा खाली."

पुढं बसलेलं एक पोरगं मागं वळलं. "कोण चाची?"

मग मी सांगितलं कोण चाची. दांड्याचं सांगितलं, पोळ्याचं सांगितलं, विहिरीजवळचं सांगितलं. फार वेळ लागला नाही. मध्येच कुणीतरी हलगीवाल्याला खूण केली, पण त्यानं वाजवली नाही, तो म्हातारा होता. माझ्या आजूबाजूला बसलेल्या जुन्या बाया खाली बघायला लागल्या. माझ्याबरोबर बैलांपुढं बसलेल्यांपैकी तिघी त्यात होत्या. त्यांतली एक माझ्या लुगड्याला धरून मला खाली ओढत होती आणि हळूच म्हणत होती, "झालं की आता. मेली असंल ती."

मी तिचा हात सोडवला आणि तरुण मास्तरांना विचारलं, हेही लिहून घेतलं का. त्यांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही ते मला कळलं नाही. पुढं त्या सत्काराचं छापून आलं ते नातवानं मला वाचून दाखवलं. त्यात आत्याबाईची शक्कल होती. बायांच्या चळवळीचं होतं. बाकी नव्हतं. माझी चौथी अजून पुरते आहे, म्हणून बाकीचं इथं लिहिलं. चाची आणि मी, आमच्या दोघींपुरती तरी ती शक्कल नव्हती. आम्ही ते खरंच करत होतो.